मारियाबाईंच्या चिठ्ठ्या

'मॉन्टेसरी' अशी पाटी नाही असं तालुक्याचं गाव आपल्याकडे शोधूनच काढावं लागेल. कुठे 'मॉन्टेसरी', कुठे 'माँटेसरी', कुठे 'मोंटेसरी', आणि एका एसटी स्टँडच्या मागे तर मी 'मॅन्टेसरी'सुद्धा वाचलं आहे. पूर्वीच्या आज्या बालवाडीलाच सरसकट मॉन्टेसरी म्हणत. नातू मॉन्टेसरीत जातो, म्हणजे डबा आणि वॉटरबॅग घेऊन रडत रडत कुठेतरी जातो, एवढाच त्याचा अर्थ. हे एका बाईचं आडनाव आहे आणि ती बाई आपल्या देशात येऊन वर्षानुवर्षं राहून गेली आहे, हे महिला मंडळात सांगितलं तेव्हा निम्म्या जणींना खरं वाटेना.

गंमत म्हणजे हे नाव लिहिताना तिच्या देशात, इटलीत, कोणी सहसा चुकणार नाही. इटालियन भाषा जशी बोलतात तशीच बहुतेक लिहितात, आणि लिहिलेलं असतं तसंच वाचतात. साधारण आपल्या मराठीसारखं. आपल्याकडेही 'चहा'तला च आणि 'चुली'तला च वेगळा, 'जीभ' आणि 'जाड' यांतला ज वेगळा, ऱ्हस्व-दीर्घाचं तर बोलायलाच नको. तरी एकदा मुळाक्षरं आणि काना-मात्रा आली की पोर दुकानाच्या पाट्या वाचत सुटतं. इंग्रजीचं तसं नाही. मैत्रिणींनो, हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

कारण सध्या गावोगावी, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, एकच दृश्य असतं. कुकरच्या शिट्ट्या होताहेत, आईच्या हातात इंग्रजी शब्दांच्या कार्डांचा गठ्ठा आहे, समोर केजीतलं पोर आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नास शब्दांची यादी आली आहे आणि सोमवारी बाई विचारणार आहेत. 'सेड' दाखवलं की पोर गप्प. ते आपलं अक्षरं जुळवून 'सा-इड' असं काहीतरी वाचतं. आई स्वतः मराठी शाळेत शिकलेली, तिला पाचवीत इंग्रजी सुरू झालेलं. तिचा आवाज चढतो, पोराचे डोळे भरतात. ही कार्डं पाहिली, की मला मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठ्या आठवतात. म्हणून आज त्यांची गोष्ट.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआराव्हाल्ले या गावचा. वडील सरकारी नोकरीत, शिस्तीचे. आई रेनिल्दे वाचनाची वेडी, आणि लेकीनं शिकावं असं मनापासून वाटणारी. वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब रोमला आलं. त्या काळात शिकलेली मुलगी म्हणजे फार तर शिक्षिका. मारियाला नेमकं तेच व्हायचं नव्हतं! तेराव्या वर्षी ती मुलांच्या तांत्रिक शाळेत गेली, इंजिनीअर व्हायचं म्हणून. मग मन बदललं आणि डॉक्टरकीचं वेड घेतलं. वडिलांचा विरोध, वर्गातल्या मुलांची हेटाळणी. मुलांसोबत एका मुलीनं उघड्या मृतदेहाचं विच्छेदन पाहणं तेव्हा असभ्य समजलं जाई. म्हणून सगळे निघून गेल्यावर तिला एकटीला त्या खोलीत काम करावं लागे. संध्याकाळची वेळ, टेबलावर प्रेत आणि विशी ओलांडलेली एक मुलगी. नुसती कल्पना करून बघा. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी ती एक. त्याच वर्षी बर्लिनच्या महिला परिषदेत जाऊन बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळाला पाहिजे, असं भाषणही करून आली.

पुढे रोमच्या मनोरुग्णालयात काम करताना तिनं जे पाहिलं, त्यानं तिचं आयुष्य बदललं. मतिमंद ठरवलेली लहान मुलं तिथे वेड्यांच्याच इमारतीत कोंडलेली असत. रिकाम्या खोल्या, हाताला धरायला काही नाही. असं सांगतात, की जेवण झाल्यावर ही मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे चिवडत बसत. तिथली सांभाळणारी बाई वैतागून म्हणे, काय ही अधाशी पोरं. मारियाला मात्र वाटलं, ही पोटाची भूक नाही, हातांची आहे. त्यांना चाचपायला, उचलायला, लावायला काहीतरी हवं आहे.

तिनं इतार आणि सेगँ या दोन जुन्या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ मिळवले. ऐकू न येणाऱ्या, मतिमंद मुलांना शिकवण्याच्या युक्त्या त्यांत होत्या. वाचून भागेना, म्हणून ते सगळे ग्रंथ तिनं इटालियनमध्ये उतरवून स्वतःच्या हातानं लिहून काढले. १९०० साली अशा मुलांसाठी रोममध्ये शाळा निघाली, तिची जबाबदारी मारिया आणि डॉक्टर ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्याकडे आली. तिथे तिनं लाकडी अक्षरं करून घेतली, मुलांची बोटं त्यांवरून फिरवून घेतली. त्यातली काही मुलं चक्क साध्या शाळेच्या परीक्षेला बसली आणि पासही झाली. लोकांनी वाहवा केली. मारिया विचारात पडली. ही मुलं जर इतर मुलांच्या बरोबरीनं येतात, तर मग आपल्या शाळा त्या धडधाकट मुलांचं नेमकं काय करून ठेवतात?

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिच्यावरच्या लहान लहान चरित्रांत ती गाळलेली असते. १८९८ च्या मार्चमध्ये मारियाला मुलगा झाला, मारिओ. वडील होते मोंतेसानो. लग्न झालेलं नव्हतं. लग्न केलं असतं तर तिचं काम सुटलं असतं, आणि मूल उघड झालं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. बाळ रोमजवळच्या खेड्यातल्या एका कुटुंबात वाढायला ठेवलं. दोघांनी दुसऱ्या कुणाशी लग्न करायचं नाही असं ठरवलं होतं म्हणतात, पण १९०१ मध्ये मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं. मारियानं ती शाळा सोडली. अधूनमधून ती मुलाला भेटायला जाई, आई म्हणून नव्हे, पाहुणी म्हणून. जगभरच्या आयांना मूल कसं समजून घ्यावं हे सांगणारी बाई स्वतःच्या मुलाला पंधरा वर्षं मांडीवर घेऊ शकली नाही. कुणी याला ढोंग म्हणेल. मला तसं वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं सोडा, आज आपल्याच गावात अशा मुलीचं काय होतं ते मी कामाच्या निमित्तानं पाहते.

आता येऊ या चिठ्ठ्यांकडे.

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. अर्धवट बांधून सोडलेल्या इमारती, त्यांत दाटीवाटीनं राहणारी मजुरांची कुटुंबं. एका कंपनीनं त्या इमारती दुरुस्त केल्या. आईबाप दिवसभर कामाला जात आणि मागे राहिलेली पोरं नव्या रंगवलेल्या भिंती खराब करत. तेव्हा या पोरांना दिवसभर एका खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं होतं. थोडक्यात, सोय भिंतींसाठी होती! ते काम मारियाबाईंनी घेतलं. ६ जानेवारी १९०७ ला 'कासा देई बांबिनी', म्हणजे मुलांचं घर, सुरू झालं. तीन ते सहा वर्षांची पन्नासेक मुलं, बुजलेली, रडकी.

लिहायला-वाचायला शिकवायचा बाईंचा विचारच नव्हता. सहा वर्षांच्या आत अक्षरं नकोत, असंच त्यांचंही मत होतं. पण वस्तीतल्या आया मागे लागल्या. यातल्या बऱ्याच जणींना स्वतःला सही येत नव्हती. पोरं इथे येऊन इतकं काही शिकतात, तर अक्षरंही शिकवा, शाळेत गेल्यावर त्यांना सोपं जाईल, असा त्यांचा आग्रह. मला हे फार आवडतं. 'मॉन्टेसरी पद्धती'तलं लिहिणं-वाचणं एका विद्वान बाईच्या डोक्यातून नव्हे, अडाणी आयांच्या हट्टातून सुरू झालं.

पूर्वीसारखी लाकडी अक्षरं करून घेणं जमेना, तेव्हा बाईंनी पॉलिश पेपर आणला. आपल्याकडे सुतार लाकूड घासायला वापरतात तो, खरखरीत. त्याची अक्षरं कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. मूल दोन बोटं अक्षरावरून फिरवी आणि त्याच वेळी बाई त्या अक्षराचा उच्चार करीत. अक्षराचं नाव नव्हे, उच्चार. 'एम' नाही, 'म्'. 'टी' नाही, 'त्'. शिवाय कागदाची सुटी अक्षरं खणाखणांच्या पेटीत ठेवलेली. मुलं बोलतील तो शब्द सतरंजीवर जुळवत बसत.

डिसेंबरमधला एक उन्हाचा दिवस. मुलं गच्चीवर खेळत होती. बाई एका पाच वर्षांच्या मुलाशेजारी बसल्या होत्या. त्याला खडू देऊन म्हणाल्या, ते समोरचं धुराडं काढ बघू. त्यानं काढलं. बाईंनी कौतुक केलं, तसा तो एकदम उभा राहिला आणि मला लिहिता येतं म्हणून ओरडायला लागला. खाली वाकून त्यानं फरशीवर लिहिलं, 'मानो', म्हणजे हात. मग 'कामिनो', धुराडं. मग 'तेत्तो', छप्पर. त्याला कुणी पेन्सिल धरायला बसवलं नव्हतं, की पाटीवर गिरवायला लावलं नव्हतं. त्याला पाहून बाकीचीही सुटली. घरी जाऊन पोरं जमिनीवर लिहीत, भिंतीवर लिहीत, पावाच्या पाठीवरसुद्धा लिहीत. शेवटी आयांनी पाव वाचवण्यासाठी कागद-पेन्सिल आणून दिली.

लिहायला आलं म्हणजे वाचायलाही आलं, असं नसतं. लिहिताना शब्द आपल्या डोक्यात असतो, वाचताना तो दुसऱ्याच्या डोक्यातला शोधून काढायचा असतो. म्हणून बाईंनी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. त्यांवर मोठ्या, स्पष्ट अक्षरांत एकेकच शब्द. आधी वर्गातल्याच वस्तूंची नावं. मुलानं चिठ्ठी वाचायची आणि ती त्या वस्तूजवळ नेऊन ठेवायची. मग बाईंनी एक खेळ योजला. टेबलावर छान छान खेळणी मांडली, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी घडी घालून डब्यात टाकली. चिठ्ठी उचल, मनात वाच, मोठ्यानं सांग आणि ते खेळणं घेऊन जा. गरिबांची पोरं ती, असली खेळणी त्यांनी कुठे पाहिली असणार? बाईंना वाटलं झुंबड उडेल. झुंबड उडाली, पण चिठ्ठ्यांवर. पोरं खेळणं परत करीत आणि पुढची चिठ्ठी मागत. पुढे बाईंनी चिठ्ठ्यांवर कामं लिहिली. खिडकी बंद कर, दार उघड, अशी. मूल वाचे, एक शब्दही न बोलता उठे आणि ते काम करून येई.

बघा, फ्लॅश कार्ड हा शब्द मारियाबाईंचा नाही. पत्ते पिसावेत तशी भराभर कार्डं दाखवणं त्यांच्या शाळेत नव्हतंच. पण एक कागद, एक शब्द, आणि त्या शब्दाचं मुलाच्या हातून काहीतरी घडणं, ही कल्पना त्यांच्या या चिठ्ठ्यांत आहे.

बातमी पसरली. देशोदेशीचे लोक ती खोली बघायला येऊ लागले. १९१२ मध्ये बाईंचं पुस्तक इंग्रजीत आलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला होता, बाहेरून लोक गर्दी करून बघत आणि आत मुलं आपल्या कामात गढलेली. आणि इथेच पेच आला. मुलानं अक्षराचा उच्चार शिकायचा, उच्चार जोडायचे, शब्द तयार. इटालियनमध्ये हे घड्याळासारखं चाललं. इंग्रजीत 'कॅट', 'पेन', 'सन' इथवर चाललं, आणि 'वन'पाशी गाडी अडली. ओ-एन-ई या तीन अक्षरांत 'व' आहे कुठे? 'नाईफ'मधला के कशाला? पी-यू-टी 'पुट' तर बी-यू-टी 'बट' कसं? 'चुपके चुपके' सिनेमात (१९७५) धर्मेंद्रनं यावरूनच थिएटर डोक्यावर घेतलं होतं, आठवतंय ना?

मुलाच्या बाजूनं सांगायचं तर ही स्पेलिंगं त्याला छळायला कुणी तयार केलेली नाहीत. 'नाईफ'मधला के एके काळी खरोखर उच्चारत. 'नाईट'मधल्या जी-एचलाही आवाज होता. 'वन' हा शब्द पूर्वी 'ओन्ली'मधल्या 'ओन'सारखा म्हणत. पंधराव्या शतकात इंग्लंडात छापखाना आला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठली. बोलणं मात्र बदलत गेलं. काही ठिकाणी तर पंडितांनीच खोडी केली. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी हा केवळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून मधे घुसवलेला आहे. तेव्हा पोरगं 'सेड' हा शब्द एस-ई-डी असा लिहितं, तेव्हा त्याचे कान अगदी बरोबर असतात. चूक इंग्रजीची आहे!

इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या मॉन्टेसरी शाळांनी यावर मार्ग काढला. सरळ शब्द उच्चारावरूनच शिकवायचे. जे वाकडे, त्यांना नाव दिलं 'कोड्याचे शब्द'. ते थोडेसेच, कार्डांवर लिहून, वेगळे शिकवायचे. आणि शिकवायचे ते बाईंनी सेगँकडून घेतलेल्या तीन पायऱ्यांनी. या तीन पायऱ्या नीट वाचा, कारण बहुतेक घरांतलं रडणं त्यांतच अडकलेलं आहे.

पहिल्या पायरीवर नुसतं सांगायचं. दोन किंवा तीनच कार्डं घ्यायची. हे 'सेड'. हे 'वन'. हे 'द'. मुलानं ऐकायचं, बघायचं, हवं तर बोट फिरवायचं. विचारायचं काहीच नाही. दुसऱ्या पायरीवर शब्द आपण बोलायचा आणि कार्ड मुलानं ओळखायचं. 'वन' कुठलं, दे बघू. 'सेड' उशीखाली लपव. 'द' आजीला नेऊन दे. या पायरीवर भरपूर रेंगाळायचं, खरी मजा इथेच आहे. तिसऱ्या पायरीवर कार्ड समोर धरून विचारायचं, हे काय? आणि तेही दुसरी पायरी पक्की झाली तरच. नाही आलं तर चुकलं म्हणायचं नाही, परत परत विचारायचं नाही. हसून कार्ड ठेवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पायरीवर यायचं. मूल चुकलं याचा अर्थ ते अजून तयार नाही, एवढाच बाईंनी घेतला.

आपल्या घरांत काय होतं? गठ्ठा उघडला की आपण थेट तिसऱ्या पायरीवर. हे काय, सांग, सांग ना, कालच तर सांगितलं होतं! पन्नास कार्डं आणि पन्नास वेळा परीक्षा.

आमच्या बचत गटाच्या बायकांनी कार्डं विकत न आणता घरीच केली. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू यासाठी झकास, कागद जाड असतो. काळ्या स्केचपेननं शब्द लिहायचा आणि त्यातलं लबाड अक्षर तेवढं लाल करायचं. कारण वाकड्या शब्दातही बरीचशी अक्षरं सरळच असतात. 'सेड'मधले एस आणि डी अगदी गुणी आहेत, लबाडी फक्त मधल्या ए-आयची. अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करायला लावण्यापेक्षा मुलाचं लक्ष नेमक्या त्या खोडकर अक्षरावर गेलं, तर शब्द जास्त टिकतो, हे आता वाचन शिकवणारे तज्ज्ञही सांगतात. डब्ल्यू-ए-एस आणि एस-ए-डब्ल्यू, म्हणजे 'वॉज' आणि 'सॉ', एका दिवशी काढू नका, अक्षरं तीच आणि उलटी, मोठी माणसंही गोंधळतील. 'कम' पक्का झाला की मग त्याची भावंडं आणा, 'सम', 'डन', 'लव्ह'. सगळ्यांत तोच ओ आणि शेवटी तोच मुका ई. 'कुड', 'वुड', 'शुड' ही आणखी एक जोडगोळी. आणि मारियाबाईंच्या खिडकी-दारासारखं करा. 'कम' लिहिलेलं कार्ड दाखवलं की पोरानं धावत यायचं, 'गो' दाखवलं की पळायचं. 'सेड' आणि 'द' यांचं असं काही करता येत नाही. ते शब्द दोन-तीन शब्दांच्या छोट्या वाक्यात घालून वाचून घ्यायचे. सुटा 'द' म्हणजे मुलाला काय कळणार? तो काही टोपलीत ठेवता येत नाही.

शाळेतून येणाऱ्या याद्यांचीही भीती नको. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन प्राध्यापकानं १९३६ साली काढलेली २२० शब्दांची यादी अजूनही जगभर फिरते. ती लहान मुलांच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची आहे, सगळे शब्द काही वाकडे नाहीत. 'इन', 'इट', 'कॅन', 'गेट' हे मूल उच्चार जोडून आपलं आपण वाचेल. ते यादीतून बाजूला काढले की गठ्ठा बराच पातळ होतो.

बाईंच्या पुढच्या आयुष्याकडे येऊ. १९१२ च्या डिसेंबरमध्ये आई रेनिल्दे गेली. त्यानंतर काही महिन्यांतच पंधराला आलेला मारिओ मारियाबाईंजवळ राहायला आला तो कायमचा. लोकांत ओळख मात्र भाचा म्हणूनच. मुसोलिनीनं सुरुवातीला त्यांच्या शाळांना उचलून धरलं. बाईंनीही ते स्वीकारलं, आणि याबद्दल त्यांच्यावर टीका झाली ती योग्यच झाली असं मला वाटतं. पण मुलांना लष्करी साच्यात घालायची वेळ आली तेव्हा जमलं नाही. १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली आणि तिथल्या मॉन्टेसरी शाळा बंद झाल्या. मग स्पेन. तिथे १९३६ ला यादवी युद्ध पेटलं. मग हॉलंड.

१९३९ च्या अखेरीस, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मद्रासला उतरल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे जॉर्ज अरुंडेल यांनी बोलावलं होतं. अड्यारला झावळ्यांच्या शाकारलेल्या झोपड्यांत वर्ग भरला, तीनशेच्या आसपास शिक्षक देशभरातून आले. बाई इटालियनमध्ये बोलत आणि मारिओ शेजारी उभा राहून इंग्रजीत सांगे. काही महिन्यांसाठी म्हणून आलेली बाई इथेच अडकली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन माणसं इंग्रज सरकारची शत्रू ठरली. बाईंना अड्यारच्या आवारातून बाहेर पडायला बंदी आली. मारिओला पकडून नेलं आणि कुठे ठेवलं? आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तिथल्या नजरबंदीच्या छावणीत. भाषा समजून सांगणारा जवळ नाही, नातवंडं युद्धात सापडलेल्या हॉलंडमध्ये, अशी ती म्हातारी बाई. ३१ ऑगस्टला त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयनं वाढदिवसाची भेट म्हणून मारिओला सोडलं. त्या तारेत भाचा नव्हे, मुलगा असा शब्द होता असं सांगतात.

पुढची काही वर्षं त्या कोडाईकॅनालला होत्या. १९४६ मध्ये युरोपला गेल्या, पुन्हा आल्या, १९४९ पर्यंत येत राहिल्या. त्यांच्या हाताखाली हजारावर भारतीय शिक्षक तयार झाले. आपल्याकडे मात्र त्यांची पद्धत त्याच्याही आधी येऊन पोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० सालीच बालमंदिर काढलं होतं. तिथे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आपल्या ताराबाई मोडक यांनी ही पद्धत पुढे ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आणि मग कोसबाडला नेली. महागड्या लाकडी साधनांच्या जागी त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी वारल्यांच्या पोरांच्या हातात बिया, शंख-शिंपले, पानं, खडे दिले. चार भिंतींचा वर्ग परवडत नाही म्हणून अंगणातच भरवला. आज जो शब्द आपण उठता-बसता वापरतो, तो 'अंगणवाडी' तिथला. आमच्या लग्नपत्रिकांच्या कार्डांचं कुळ हे असं आहे.

मारियाबाईंचं नाव शांततेच्या नोबेलसाठी १९४९ पासून लागोपाठ तीन वर्षं सुचवलं गेलं, मिळालं नाही. १९९० मध्ये इटलीनं त्यांचं चित्र हजार लिऱ्यांच्या नोटेवर छापलं. युरो आल्यावर त्या नोटाही गेल्या. शेवटपर्यंत बाई काम करीत होत्या. ६ मे १९५२ ला, हॉलंडमधल्या नूर्डवाईक या समुद्राकाठच्या गावात, एक्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. मृत्युपत्र उघडलं तेव्हा त्यात सगळं मारिओच्या नावे होतं, आणि त्याच्या नावामागे त्यांनी लिहिलं होतं, माझा मुलगा.